निळा रंग आणि एकच साडी

पांढऱ्या लुगड्याला, शाळेच्या शर्टाला आपण नीळ देतो. आपला ‘निळा’ शब्द आणि ही ‘नीळ’ दोन्ही एकाच घरातले, संस्कृतातल्या ‘नील’वरून आलेले. नीळ पूर्वी शेतात पिकायची. झुडपाचा पाला हौदात भिजत घालायचा, तो आंबला की पाणी वेगळं काढून वल्ह्यांनी तासन्‌तास घुसळायचं. हिरवट पाणी वारा लागून निळं होई. खाली बसलेला गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडत.

त्या वड्या जहाजातून गेल्या तसं नावही गेलं. अरबांनी ‘अन्‌-नील’ म्हटलं, पोर्तुगिजांनी ‘अनिल’. इंग्रजीतल्या ‘इंडिगो’चा मूळ अर्थच हिंदुस्थानातलं.

पिकवणारीच्या वाट्याला काय आलं? बिहारमधल्या चंपारणात कुळांना बिघ्यातल्या वीस कट्ठ्यांपैकी तीन कट्ठ्यांत गोऱ्या मळेवाल्यासाठी नीळ लावावीच लागे. याला ‘तीनकठिया’ म्हणत. पुढे १८९७ साली जर्मनीची कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली, भाव पडले. मग मळेवाल्यांनी निळीतून सोडतो म्हणून वाढीव खंडाच्या कागदावर अंगठे घेतले. तोटा त्यांचा, भरायचा मात्र कुळांनी! आपण गटात कर्जाचा कागद आधी मोठ्यानं वाचून घेतो, ते उगीच नाही.

१९१७ साली गांधीजी तिथं गेले आणि पुढच्या वर्षी कायद्यानं तीनकठिया बंद झाली. पण आम्हाला त्यांच्या आत्मकथेतली एक बाई विसरता येत नाही. भितिहरवा गावाजवळच्या वस्तीत कस्तुरबांनी बायकांना विचारलं, कपडे का धूत नाही? एकीनं त्यांना झोपडीत नेऊन दाखवलं. दुसरं लुगडंच नव्हतं. अंगावरचं धुवायचं तर नेसायचं काय? जगाचे कपडे निळे करणाऱ्या मुलखातली ही गोष्ट.

त्या गावांत शाळा काढायला आपल्याकडच्या बायाही गेल्या होत्या. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. हिंदी येत नाही, शिकवायचं कसं, ही अडचण होतीच. व्याकरण राहू द्या, स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, असं गांधीजींनी सांगितलं. अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार ठरली. या बायांमुळंच गावातल्या बायकांपर्यंत थोडंफार पोचता आलं, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. पुढे १९१८ साली अवंतिकाबाईंनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं.