पेटीतली काळी टोपी



जानेफळात टोपीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. संत गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परत जाताना मेहकरहून इथे येते, तेव्हा तुमचा सगळा रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरून जातो. ही पांढरी टोपी आपल्याला फार जुनी वाटते. पण आज ज्या आकारात आपण ती घालतो, तो आकार शंभर वर्षांहून फार जुना नाही. त्याआधी डोक्यावर पागोटं, फेटा, रुमाल, पगडी असायचं. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शिकलेल्या, कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक वस्तू आली होती. काळी, गोल, फेल्टची टोपी.

माझ्या आजोळी पत्र्याच्या पेटीत अशी एक टोपी होती. लग्नातला शेला, जुने सातबारे आणि त्यांच्याखाली ही. लहानपणी आम्ही ती घालून नाटकं करायचो. पुढे मी जुन्या टोप्या आणि हॅटा जमवायला लागलो, तेव्हा कळलं की त्या टोपीला आम्ही एक प्रश्न कधी विचारलाच नव्हता. आज तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. पण आधी वस्तू ओळखूया.

फेल्ट म्हणजे काय? ते विणलेलं कापड नाही. त्याला ताणा नाही, बाणा नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात घोंगडं विणतात आणि जेन लाटून, दाबून करतात. जेन म्हणजे आपलं देशी फेल्टच. तेव्हा ही कला साहेबानं आणली असं समजू नका. साहेबानं आणला तो टोपीचा साचा आणि टोपीचा बाजार.

विलायती टोपीत दोन प्रती. एक मेंढीच्या लोकरीची, दुसरी सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांची. केसांचं फेल्ट पातळ असूनही दमदार असतं, पाऊस सोसतं. लोकरीचं जाड करावं लागतं आणि भिजलं की ते आकसतं, बसतं. लंडनची क्रिस्टीज १७७३ पासूनची, इटलीतली बोर्सालिनो १८५७ ची, अमेरिकेतली स्टेटसन १८६५ ची. ही नावं अस्तरावर दिसली की विकणारा लगेच भाव चढवतो. तुम्ही आधी नाव वाचू नका. आधी हात लावा.

माथा अंगठ्यानं हलकेच दाबा. चांगलं फेल्ट परत वर येतं, वाईट फेल्टावर खळगा राहतो. मग तळवा फिरवा. उत्तम मालावर हात सरकतो, हलक्या मालावर खरखरतो. टोपी उजेडासमोर धरा. बारीक भोकं दिसली तर कसर लागली आहे. नंतर आतली चामड्याची पट्टी उलटून बघा. खरी जुनी टोपी इथे बोलते. शिवण मूळची आहे का, की नंतर कोणी पट्टी बदलली? घामाचा डाग सगळीकडे सारखा आहे की फक्त कपाळाशी? डाग मुळीच नसेल तर टोपी कोणी घातलीच नाही, किंवा पट्टी नवी आहे. मापाचा आकडा असला तर लक्षात ठेवा, इंग्रजी माप अमेरिकी मापापेक्षा एक अष्टमांशानं लहान असतं. इंग्रजी सात म्हणजे अमेरिकी सव्वासाताच्या अलीकडे, सात पूर्णांक एक अष्टमांश. आणि अमेरिकी हॅटेत जे एक्स, दोन एक्स, पाच एक्स लिहिलेलं असतं, त्याला सगळ्या कारखान्यांना लागू असं एकच प्रमाण नाही. एका कारखान्याचे पाच एक्स दुसऱ्याच्या तीनसारखे असू शकतात.

दोन सूचना. आपल्याकडे 'साहेबाची हॅट' म्हणून जे दाखवतात, ते पुष्कळदा फेल्ट नसतंच. ती सोला टोपी असते, शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची, वजनानं अगदी हलकी. आणि दुसरी सूचना गंभीर आहे. सशाचे केस फेल्टात नीट बसावेत म्हणून पूर्वी ते पाऱ्याच्या क्षारानं भिजवत. त्यानं कारागिरांचे हात थरथरायचे, डोकं फिरायचं. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये बंद झाला. तेव्हा जुनी केसांची हॅट हाताळली की हात धुवा, पोरांना घालायला देऊ नका. आम्ही नाटकं केली, तुम्ही करू नका. (हशा)

आणखी एक गंमत. हॅट ताठ राहावी म्हणून तिला लाखेचा द्राव पाजत. जगाला लाख पुरवणारा मोठा देश कोणता? आपला. पळसावर, कुसुंबावर वाढणारी लाख बोटीनं जायची आणि काही भाग टोपीत बसून, दाम वाढवून परत यायचा.

आता इतिहासाकडे येऊ. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी युरोपी व्यापाऱ्यांना 'टोपीकर' म्हटलं आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी टोपी ही परक्याची खूण होती. दोनशे वर्षांनी तीच, आकार बदलून, आपल्या कारकुनाच्या, वकिलाच्या, मास्तरांच्या डोक्यावर बसली. पगडी बांधायला वेळ आणि सराव लागतो, फेटा रोज नवा बांधावा लागतो. फेल्टची टोपी खुंटीवरून काढली की डोक्यावर. शिवाय ती कचेरीत शोभायची.

मग स्वदेशी आली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तीत सावरकर पुढे होते. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला, उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते मोठी होळी पेटली. त्या काळात सभेत बसलेली माणसं डोक्यावरची विदेशी टोपी काढून टाकत. आणि टाकल्यावर घालायचं काय? गांधीजींनी याचा विचार केला होता. काका कालेलकरांना, म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या आपल्याच माणसाला, त्यांनी सांगितलं की वेगवेगळ्या प्रांतांची शिरोभूषणं पाहून काश्मिरी टोपी त्यांना सोयीची वाटली. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, म्हणून त्यांनी पांढरा रंग घेतला. मळ दिसला की माणूस टोपी धुईल. फेल्टची टोपी घाम पिते आणि धुता येत नाही, हे तुम्ही आताच पट्टी उलटून पाहिलं आहे. त्या एका निवडीत केवढा हिशेब होता, तो इथे कळतो.

पण हीच गोष्ट पुढे कशी वळली तेही ऐका. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. त्या दिवशी दंगल पेटली. विदेशी टोप्या घातलेल्यांना अडवलं, त्रास दिला, टोप्या ओढून घेतल्या. गांधीजी हे पाहून हादरले. दंगल शमावी म्हणून त्यांनी उपोषण धरलं. टोपी स्वतः काढून आगीत टाकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून ओढणं वेगळं, हा फरक त्यांनी आपल्याच अनुयायांना सांगितला.

आता फेल्ट हॅटेच्या आणखी दोन गोष्टी. डिसेंबर १९२८. साँडर्सचा वध झाल्यावर लाहोरहून निसटायचं होतं. भगतसिंगांनी ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट घातली, दुर्गाभाभी आणि त्यांचं लहान मूल बरोबर, साहेबी कुटुंब म्हणून. सामान उचलणारा नोकर कोण झाला? खेडचे शिवराम हरी राजगुरू. पोलीस शिखाला शोधत होते, हॅटवाल्या साहेबाला नाही. भगतसिंगांचं जे हॅटमधलं छायाचित्र घरोघर दिसतं, ते एप्रिल १९२९ चं, दिल्लीतलं.

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ज्या समाजाला चांगले कपडे घातले म्हणून मार खावा लागायचा, त्या समाजाच्या माणसानं सूट आणि हॅट घालणं ही हौस नव्हती. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनातल्या संग्रहालयात त्यांचे कपडे, टाईपरायटर आणि हॅट जपून ठेवले आहेत. तिथे जाल तेव्हा फेल्टची प्रत तपासू नका. थोडं उभं राहा.

बघा, एकच फेल्ट. एकानं ते देशासाठी जाळलं, एकाच्या डोक्यावरून ते ओढलं गेलं, एकानं ते वेषांतरासाठी घातलं आणि एकानं मान ताठ ठेवण्यासाठी. म्हणून हॅटेची प्रत हात सांगतो, पण तिचं मोल सांगायला घरच्या माणसाची गरज लागते.

आता तो प्रश्न. आमच्या पेटीतली टोपी १९२१ मध्ये जळली का नाही? आजोबांना पटलं नव्हतं? नोकरी जाईल अशी भीती होती? की महाग वस्तू आगीत टाकायचा जीव झाला नाही? मला माहीत नाही, कारण ते जिवंत असताना मी विचारलं नाही. माझ्या संग्रहातली ती सगळ्यात साधी टोपी. लोकरीची, कसर लागलेली, नावाचा शिक्काही पुसलेला. आणि तिच्याबद्दलच मला सगळ्यात कमी ठाऊक आहे.

तुमच्या घरात अशी टोपी असेल तर धुऊ नका, इस्त्री करू नका. मऊ ब्रशनं झटका, माथ्यात पांढरा कागद भरा, कोरड्या जागी ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. आणि आज रात्री घरी गेल्यावर, घरात जे कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, त्यांना विचारा की ही कोणाची, आणि ती ठेवली का. उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी टोपीतच ठेवा.