अठरा दिवस, आणि त्यानंतरचा हिशोब

११ जून १९६३. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात डॉ. जेम्स हार्डी यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं फुप्फुस बसवलं. जगातलं पहिलंच. रुग्ण होता खुनासाठी जन्मठेप भोगणारा कैदी. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि मूत्रपिंडंही धड नव्हती. तो १८ दिवस जगला. कुठलाही इतिहास उघडा, हा आकडा सापडतोच. ते दिवस त्याला कसे गेले, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही.

पुढच्या वीस वर्षांत साधारण चाळीस प्रयत्न झाले. बेल्जियममधला १९६८ सालचा एक रुग्ण दहा महिने जगला, बाकीचे त्याहून कमी. मग सायक्लोस्पोरिन हे औषध आलं. १९८३ मध्ये टोरांटोला डॉ. जोएल कूपर यांचा रुग्ण सहा वर्षांहून जास्त जगला. आता ‘किती’च्या जोडीला ‘कसा’ हाही प्रश्न आला.

पण ‘कसा’ मोजायचं कसं? कार्नोफ्स्कीची शून्य ते शंभरची मोजपट्टी १९४० च्या दशकापासून होती, पण गुण द्यायचा डॉक्टर. १९९२ मध्ये एसएफ-३६ आली. ३६ प्रश्न, आणि खुणा करायच्या त्या रुग्णाने स्वतः. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, की पेन्सिल रुग्णाच्या हातात आली! त्याच सुमारास लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये पॉल जोन्स यांनी श्वसनविकारांसाठी वेगळी प्रश्नावली केली. जिना चढताना दम लागतो का, चारचौघांत खोकल्याची लाज वाटते का, असे प्रश्न. गंमत म्हणजे इथे शंभर गुण म्हणजे सगळ्यात वाईट.

प्रत्यारोपणानंतर हे गुण झपाट्याने सुधारतात. श्वास मोकळा होतो ना! पण औषधांमुळे हात थरथरतात, जंतुसंसर्गाची धास्ती असते, शरीर हे फुप्फुस नाकारेल का ही भीती प्रत्येक तपासणीला सोबत येते. ते या प्रश्नावल्या विचारतच नव्हत्या. खास याच रुग्णांसाठीची प्रश्नावली सॅन फ्रान्सिस्कोच्या जोनाथन सिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ५६ वर्षांनी.

आणखी एक मेख आहे. जे गेले ते फॉर्म भरत नाहीत. त्यामुळे सरासरी नेहमी उरलेल्यांची असते, आणि थोडी जास्तच गोड दिसते.

आता म्हणाल, एवढ्या मोजमापाचा उपयोग काय? अमेरिकेत फुप्फुस कुणाला आधी द्यायचं हे २००५ पासून गुणांवर ठरतं. वाट पाहताना रुग्ण किती टिकेल, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभर जगण्याची शक्यता किती, हे त्यात धरलं जायचं. २०२३ मध्ये सूत्र बदललं आणि एका वर्षाची पाच वर्षं झाली. बाकीही बरंच काही त्यात आलं. पण ती वर्षं कशी जातील याला गुण नाहीत.

कदाचित नसलेलेच बरे. कुणाचं जगणं जास्त मोलाचं, हे कुठल्या तक्त्याने ठरवावं? पण निदान शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणण्याआधी, आपल्यासारखे लोक नंतर कसे जगले हे रुग्णाला कळायला हवं. त्या कैद्याला सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं. आज थोडंफार आहे.