मंजूर नकाशा आणि स्लॅबचा भरवसा

घर बांधणाऱ्या माणसाच्या तोंडी तीन भाषा असतात, हे आपल्या कधी लक्षात आले आहे का? घर, भिंत, उंबरा, ओसरी, जोते हे शब्द आपल्या मातीतले. अर्ज, नकाशा, मंजुरी, परवाना, शिक्का, हद्द हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. आणि सिमेंट, स्लॅब, कॉलम, बीम, सेंट्रिंग हे इंग्रजीतून. कवितेच्या नादामुळे मला शब्दांच्या मागे फिरण्याची खोड आहे, म्हणून हे जाणवले. राहण्याची भाषा मराठी, सरकारची भाषा फारसी आणि मालाची भाषा इंग्रजी! या तिघींचा मेळ बसला तर घर उभे राहते आणि टिकते. आज यातल्या मधल्या भाषेचा, म्हणजे परवानगीचा इतिहास मी सांगणार आहे.

जागा माझी, पैसा माझा, घाम माझा. मग परवानगी दुसऱ्याची कशाला? हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने परवानगीच्या भानगडीत न पडता सरळ शिक्षा सांगून ठेवली होती. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. न्याय भयंकर होता, आणि शिवाय तो माणूस मेल्यावर मिळणारा होता. परवानगीची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. माणूस मरण्याच्या आधीच कुणीतरी विचारावे, की बाबा, कसे बांधतो आहेस?

हे विचारण्याची बुद्धी राज्यकर्त्यांना बहुतेक वेळा संकटानंतरच सुचली. १६६६ साली लंडन जळाले आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला, की नवी घरे विटांची किंवा दगडाची हवीत. आपल्याकडे पेशवाईतल्या पुण्यात रस्ते, गल्ल्या आणि घरे यांचे तंटे निवडणे हे कोतवालाच्या कामात मोडत असे. मुंबईत १८०३ साली कोटाच्या आत मोठी आग लागली आणि कोटाबाहेर नवी वस्ती वाढू लागली. ती वस्ती इतकी दाटीवाटीने वाढली, की त्याच शतकाच्या अखेरीस तिथे आगीहून वाईट पाहुणा आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतरचा हाहाकार आपण वाचलेला आहे. त्यातूनच १८९८ साली मुंबईचे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आले. ज्या चाळीत ऊन आणि वारा शिरत नाही तिथे रोग शिरतो, हा त्या काळाचा धडा होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. ऐकायला भूमितीचा वाटतो, पण अर्थ सोपा आहे. इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा तिच्यासमोर सोडा, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा दिसेल. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींमधून आजही मोकळे वाटते, त्यामागे ट्रस्टची ही आखणी आहे. नगरपालिकेचा साहेब टेप लावून सामासिक अंतर मोजतो, तेव्हा तो खरे तर प्लेगचे भूत दूर ठेवत असतो.

त्याआधी दहा वर्षे, १८८८ साली, मुंबई महापालिकेचा कायदा झाला होता. त्यातली एक गंमत मला फार आवडते. कलम ३३७ प्रमाणे मालकाने इमारत बांधण्याची सूचना आयुक्तांना द्यायची. त्यावर आयुक्त कलम ३४६ प्रमाणे आपली नापसंती कळवतात, कारणे आणि अटींसह. त्या अटी पुऱ्या करा, मग बांधा! मुंबईच्या बांधकाम व्यवहारात 'आयओडी' म्हणून ओळखला जाणारा कागद तो हाच, म्हणजे नापसंतीची सूचना. लोक वर्षानुवर्षे हातापाया पडून मिळवत आले, पेढे वाटत आले, तो कागद नावाने नकाराचा आहे. सरकारचा होकारसुद्धा नकाराच्या कपड्यात येतो, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता येऊ काँक्रीटकडे. इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले. १९२० नंतर मुंबईच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या सळई घातलेल्या काँक्रीटच्या. गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्या त्या भिंतींआड वाढल्या. पुढच्या दशकात मरीन ड्राइव्हच्या गोलाईच्या इमारती आल्या. चुना, दगड आणि सागाच्या तुळया मागे पडल्या.

इथे एक मोठा बदल झाला आणि कायद्याने त्याची दखल फार उशिरा घेतली. दगडाची भिंत उघडी असते. तिचा सांधा, तिचा ओळंबा कुणीही जाणता माणूस बघू शकतो. तुळईला वाळवी लागली तर ती ठोकून कळते. काँक्रीटचे तसे नाही. सळई किती, कुठे, किती जाडीची. सिमेंट किती, पाणी किती, हे सगळे एका दिवसात झाकले जाते. संध्याकाळी स्लॅब गुळगुळीत दिसतो. चांगला आणि वाईट स्लॅब त्या संध्याकाळी सारखेच देखणे असतात. आपले परवानगीचे नियम जन्मले ते आग, रोगराई आणि रस्ता यांच्या काळजीतून. म्हणून ते घराकडे बाहेरून बघतात. काँक्रीटचा धोका मात्र आत असतो.

माझे वडील गवंडी होते. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. १९८४ साली आमच्याच घरावर एक खोली चढवायची ठरली आणि अब्बांनी रीतसर अर्ज केला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे अर्जाला साठ दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास, नकाशा नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळाली असे मानले जाते. हे अब्बांना कुणी सांगितले नाही. त्या कार्यालयाने आमची फाइल पाच महिने फिरवली. शेवटी एक साहेब येऊन शेजारच्या भिंतीपासूनचे अंतर मोजून गेले आणि शिक्का मिळाला. स्लॅबच्या दिवशी मात्र कुणी फिरकले नाही. बायकांची रांग घमेली वर देत होती, आणि अब्बा पाण्याच्या पिंपाशी उभे राहून मजुरांना दटावत होते, "जास्त पाणी घालू नका, माल पातळ होईल." दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी करून त्यांनी पाणी साठवले. ते म्हणत, "स्लॅबला लेकरासारखे पाणी पाजायचे असते." मंजुरीच्या कागदावर यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता.

अब्बांना शास्त्र माहीत नव्हते, पण शास्त्र त्यांच्याच बाजूचे आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून मिसळताना पाणी जास्त झाले तर काँक्रीट कमजोर होते आणि नंतर पाणी कमी पडले तरीही कमजोर होते. 'आयएस ४५६' हे काँक्रीटचे भारतीय मानक १९५३ साली प्रथम आले. २००० साली सुधारलेल्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठीही किमान सात दिवस पाणी मारायला सांगितले आहे. सळईच्या काँक्रीटसाठी 'एम २०' हा किमान दर्जा त्याच आवृत्तीने ठरवला. म्हणजे १५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून बघायचा. परवानगीची मुदत एक वर्षाची असते. काँक्रीटची परीक्षा अठ्ठावीस दिवसांची असते. पहिला कागद आपण जपून ठेवतो, दुसरी परीक्षा घ्यायला विसरतो.

याची किंमत आपण मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हा लोकांना वाटले, आता काँक्रीटच तारणार. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत काँक्रीटच्याच बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींच्या खाली गाड्यांसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या.

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते. ७४ माणसे गेली, त्यांत कितीतरी लेकरे. त्या इमारतीला परवानगीच नव्हती. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडून १६ जण दगावले. तिथे गुन्हा नोंदला गेला तो एकट्या बिल्डरवर नव्हे. आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावरही. म्हणजे कागद नव्हता तिथेही माणसे मेली, आणि ज्यांच्या सह्या असतात त्यांनाही जाब द्यावा लागला.

मुंब्र्याबद्दल बोलताना मला थोडे थांबावे लागते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. त्यांना निवारा हवा होता, आणि तो लगेच हवा होता. अशी माणसे नकाशा मागत नाहीत, भाडे किती ते विचारतात. हे केवळ एका समाजाचे नाही. शहरांच्या कडेला गुंठा-गुंठा जमीन घेऊन घर बांधणारा मजूर, हमाल, शिपाई या सगळ्यांची हीच कथा आहे. त्यांच्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा झाला, १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. कायद्याने घर नियमित होते, त्याचा मला आनंदच आहे. पण दंड भरल्याने कॉलममधली सळई वाढत नाही. परवानगी जितकी महाग आणि लांबणीची, तितके गरीब माणसाचे घर इंजिनीअरपासून दूर जाते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्रासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घराला त्यात मोठी सूट आहे. नियमांत बसणारा नकाशा द्यायचा, शुल्क भरायचे, आणि ती पावतीच परवानगी समजायची. ही गोष्ट चांगली झाली. फाइल पाच महिने फिरवणारे टेबलच मधून काढून टाकले. पण टेबल गेले की जबाबदारी जात नाही. ती नकाशावर सही करणाऱ्याच्या आणि आपल्या खांद्यावर येते.

तेव्हा घर बांधणाऱ्यांना आणि फ्लॅट घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र मागाच, भोगवटा प्रमाणपत्रही मागा. पण त्याबरोबर आरसीसी नकाशा कुणी केला, स्लॅबच्या दिवशी सळई कुणी तपासली आणि ठोकळ्यांची चाचणी झाली का, हेही विचारा. घर स्वतः बांधत असाल तर त्या एका दिवसासाठी इंजिनीअरला बोलवा. फरशीचा रंग एक इयत्ता खाली आणा, पण त्याची फी वाचवू नका. मग पुढचे सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, स्लॅबवर पाणी आहे ना, हे स्वतः जिना चढून बघा. त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही.