सी भाषेतील 'रँड' : एका छोट्या फंक्शनचा इतिहास

सी या संगणकभाषेच्या प्रमाणित लायब्ररीत, म्हणजे प्रत्येक कंपायलरबरोबर मिळालीच पाहिजेत अशा तयार फंक्शनांच्या संचात, 'रँड' आणि 'एसरँड' अशी दोन फंक्शने आहेत. पहिले कॉल केले की एक पूर्णांक मिळतो, पुन्हा कॉल केले की दुसरा मिळतो, आणि या पूर्णांकांत वरवर पाहता कोणताही क्रम दिसत नाही. दुसऱ्या फंक्शनने या मालिकेची सुरुवात कोठून व्हावी हे ठरते, आणि सुरुवातीच्या त्या संख्येला बीज म्हणतात. मात्र हे पूर्णांक फाशाच्या दानाप्रमाणे खरोखर यादृच्छिक नसतात, तर प्रत्येक संख्या ठरावीक गणिताने आधीच्या स्थितीतून निघते आणि तेच बीज दिले की तीच मालिका जशीच्या तशी पुन्हा मिळते. म्हणून त्यांना छद्मयादृच्छिक संख्या असे नाव आहे. ही दोन फंक्शने लिहायला चार-पाच ओळींहून अधिक मजकूर लागत नाही, तरीही त्यांच्यावर झालेली टीका त्या लायब्ररीतील बहुतेक फंक्शनांच्या वाट्याला आलेली नाही, आणि या टीकेची मुळे सी भाषेच्या जन्मापूर्वीच्या काळात आहेत.

संगणक येण्यापूर्वी संख्याशास्त्रज्ञ यादृच्छिक अंकांची छापील कोष्टके वापरत. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतून घेतलेले ४१,६०० अंक पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने इलेक्ट्रॉनिक यंत्राने निर्माण केलेल्या दहा लाख अंकांचे जाडजूड पुस्तक १९५५ साली काढले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस ॲलामॉस येथे अण्वस्त्रांच्या संशोधनात स्टानिस्लाव उलाम, जॉन फॉन नॉयमन आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी जी माँटे कार्लो पद्धत विकसित केली, तिला असे अंक पुस्तकातून पुरवणे व्यवहार्य नव्हते. या पद्धतीत थेट सुटत नसलेल्या गणिताचे उत्तर हजारो काल्पनिक कणांच्या यादृच्छिक प्रवासाची सरासरी काढून अजमावले जाते आणि प्रत्येक कणाच्या प्रत्येक वळणावर एक नवी संख्या लागते. एनिॲक या संगणकाच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत दहा-दहा अंकी वीसच संख्या मावत आणि छिद्रे पाडलेली कार्डे वाचण्याचा वेग गणनेच्या वेगापुढे फारच कमी होता, तेव्हा संख्या यंत्राने स्वतःच गणिताने तयार कराव्यात हाच मार्ग उरला.

फॉन नॉयमन यांची युक्ती अशी होती की एखाद्या संख्येचा वर्ग करावा, त्याचे मधले अंक घ्यावेत, तीच पुढची संख्या मानावी आणि पुन्हा तेच करावे. ही युक्ती खरोखरीच्या यदृच्छेची जागा घेऊ शकत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि अंकगणिताने यादृच्छिक अंक काढणे हे एक प्रकारचे पातकच होय, असा विनोदही त्यांनी केला होता. तिचे दोष लवकरच दिसून आले. चार अंकी ३७९२ या संख्येचा वर्ग १,४३,७९,२६४ येतो आणि त्याचे मधले चार अंक पुन्हा ३७९२ हेच असतात. मालिका एकदा तेथे पोचली की कायमची अडकून पडते. तरीही पाठ्यपुस्तके या पद्धतीची केवळ चेष्टा करून पुढे जातात, हे योग्य नाही. यादृच्छिक दिसणारी तीच मालिका हवी तेव्हा पुन्हा मिळवता आली तर गणना पडताळता येते, हा तिच्यामागचा विचार आजही छद्मयादृच्छिक संख्यांच्या बाजूने केलेला सर्वांत बळकट युक्तिवाद आहे.

गणिती डी. एच. लेमर यांनी १९४९ साली याहून टिकाऊ मार्ग मांडला. आधीच्या संख्येला एका ठरावीक गुणकाने गुणावे, गुणाकाराला एका ठरावीक भाजकाने भागावे आणि बाकी हीच पुढची संख्या मानावी, एवढीच ती कृती होती. एनिॲकसाठी त्यांनी गुणक २३ आणि भाजक १०,००,००,००१ निवडला, कारण या भाजकाने भागायचे तर गुणाकाराचे डावीकडचे दोन अंक काढून ते उरलेल्या संख्येतून वजा करणे जवळजवळ पुरेसे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या कृतीत गुणाकारानंतर एक ठरावीक संख्या मिळवण्याची पायरी जोडली गेली, आणि १९६२ साली हल व डोबेल यांनी गुणक, वाढ व भाजक यांच्यात कोणता संबंध असला म्हणजे मालिका सर्व शक्य संख्यांना स्पर्श करूनच आरंभाकडे परतते, हे सिद्ध केले. या घराण्याला लिनिअर काँग्रुएन्शियल जनरेटर म्हणतात, आणि 'रँड' हे त्याच घराण्यातील आहे.

मालिका लांब असली म्हणजे ती चांगली असते, असे मात्र नाही, आणि हा धडा जगाला आयबीएमच्या 'रँडयू' या उपप्रोग्रामने दिला. सिस्टम/३६० या यंत्रमालिकेच्या वैज्ञानिक संग्रहात तो समाविष्ट असल्यामुळे १९६० आणि १९७० च्या दशकांत त्याचा सर्वत्र प्रसार झाला होता. त्याचा गुणक ६५,५३९ हा २ च्या सोळाव्या घातापेक्षा तीनने मोठा असून भाजक २ चा एकतिसावा घात होता. ही निवड गुणाकार झटपट व्हावा म्हणून सोयीची होती, पण तिच्यामुळे मालिकेतील कोणतीही संख्या ही लगतच्या आधीच्या संख्येची सहापट वजा तिच्याही आधीच्या संख्येची नऊपट, एवढीच ठरत असे, अर्थात भाजकाच्या हिशेबाने. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवून दिले की अशा सर्व जनरेटरांच्या लगतच्या संख्या बिंदू म्हणून अवकाशात मांडल्या तर त्या मोजक्या समांतर प्रतलांवरच पडतात. 'रँडयू'च्या बाबतीत लगतच्या तीन-तीन संख्यांचे सर्व बिंदू अवघ्या पंधरा प्रतलांत सामावतात. त्रिमितीय गणनेसाठी ज्यांनी तो वापरला, त्यांच्या निष्कर्षांवर त्यामुळे शंकेची छाया पडली.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली ती या पार्श्वभूमीवर, आणि १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'रँड' ज्या रूपात आढळते, त्यावरून त्याच्या लेखकाला या घराण्याचे दोष माहीत होते असे दिसते. तेथे आधीच्या ३२ बिटी संख्येला ११०३५१५२४५ ने गुणून त्यात १२३४५ मिळवले जातात. ३२ बिटांत न मावणारा भाग यंत्र आपोआप टाकून देते, म्हणून भाजकासाठी वेगळा भागाकार करावा लागत नाही. पण भाजक २ चा घात असण्याची किंमत मोजावी लागते. विषम संख्येला विषम गुणकाने गुणून त्यात विषम संख्या मिळवली की सम संख्या येते, आणि समवर तीच क्रिया केली की विषम. त्यामुळे सर्वांत उजवीकडचा बिट ०, १, ०, १ असा पाळीपाळीने बदलत राहतो, त्याच्या डावीकडचा चार संख्यांनंतर तोच क्रम गिरवतो, त्यापुढचा आठांनंतर. सातव्या आवृत्तीतील फंक्शन म्हणूनच उजवीकडचे सोळा बिट टाकून देते आणि त्यांच्या डावीकडचे पंधराच बिट परत करते, आणि ज्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स वाढले, त्याच्या सोळा बिटी पूर्णांकात ० ते ३२,७६७ ही कक्षा नेमकी मावत होती. अडचणीतून निघालेला हा तोडगा होता आणि त्या यंत्रापुरता तो समंजसही होता.

यंत्र बदलले तेव्हा हा समंजसपणा गळून पडला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात युनिक्सची बीएसडी शाखा ३२ बिटी व्हॅक्स यंत्रावर आली, तेव्हा तेथील 'रँड' तोच गुणक आणि तीच वाढ ठेवून जवळजवळ सगळे बिट परत करू लागले, आणि त्याबरोबर उजवीकडचे सदोष बिटही वापरणाऱ्याच्या हाती आले. संख्या सम असेल तर छाप आणि विषम असेल तर काटा, अशी नाणेफेक त्यावर केली तर छाप आणि काटा आलटून पालटून पडत. बर्कलीने १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत यावर उपाय म्हणून 'रँडम' हे वेगळे फंक्शन दिले. ते एकतीस संख्या लक्षात ठेवते आणि एकतीस स्थाने मागची व तीन स्थाने मागची संख्या यांच्या बेरजेतून नवी संख्या काढते. त्याच्या माहितीपत्रकात जुन्या 'रँड'चे खालचे डझनभर बिट चक्राकार फिरतात, असे मोकळेपणाने नोंदलेले होते, पण जुने फंक्शन मात्र जागेवरच राहिले.

अमेरिकेच्या मानकसंस्थेची एक्स३जे११ ही समिती १९८३ पासून सी भाषेचे मानक लिहीत होती आणि ते १९८९ साली संमत झाले. 'रँड'ने कोणते गणित वापरावे हे समितीने मुद्दामच ठरवले नाही; प्रत्येक कंपायलरकर्त्याला आपल्या यंत्रावर शक्य तितकी उत्तम मालिका देण्याची मोकळीक असावी, असे तिचे म्हणणे होते. मानकाने एवढेच बंधन घातले की संख्या ० पासून किमान ३२,७६७ पर्यंतच्या कक्षेत असाव्यात, समान बीजाने समान मालिका मिळावी, आणि बीज दिलेच नाही तर ते १ समजावे. वेगवेगळ्या यंत्रांवर एकसारखी मालिका मिळण्याचेही मोल समितीला पटलेले असल्याने तिने नमुना म्हणून एक उदाहरण छापले आणि त्यात सातव्या आवृत्तीतलेच दोन आकडे होते. नेमक्या याच सुमारास, १९८८ साली, पार्क आणि मिलर यांनी प्रचारातले अनेक जनरेटर सदोष असल्याचे दाखवून १६,८०७ हा गुणक व २१४७४८३६४७ हा भाजक असलेली किमान दर्जाची पद्धत सुचवली होती, पण मानकातल्या नमुन्यावर तिचा परिणाम झाला नाही.

कंपायलरकर्त्यांनी त्या मोकळिकीचा उपयोग बहुधा उत्तमतेसाठी केला नाही. मायक्रोसॉफ्टने वेगळा गुणक घेऊन पंधरा बिटांचीच कक्षा ठेवली, आणि बीज न देता तेथे पहिल्या तीन संख्या ४१, १८४६७ व ६३३४ अशा येतात. बोर्लंडच्या टर्बो सीमध्ये मालिका ३४६, १३० आणि १०९८२ अशी सुरू होते. लिनक्सवरील जीएनू लायब्ररीत 'रँड' म्हणजे बर्कलीचेच 'रँडम' असून पहिली संख्या १८०४२८९३८३ असते. आणि मानकातल्या नमुन्याप्रमाणे ती १६८३८ यायला हवी. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी दीर्घकाळ वापरात होते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी सर्वप्रथम ३४६ हाच आकडा पाहिला असणार.

कक्षा अपुरी असल्याचा त्रास नकळत होतो. एक ते सहा यांतील संख्या हवी असेल तर सहाने भागून बाकीत एक मिळवण्याची पद्धत रूढ आहे. ३२,७६८ संख्यांना सहाने भागताना दोन उरतात, म्हणून काही दाने इतरांपेक्षा किंचित अधिक वेळा पडतात आणि तो फरक नगण्य असतो. पण वीस हजार वस्तूंतून एक निवडायची असेल, तर पहिल्या १२,७६८ वस्तूंची शक्यता उरलेल्यांच्या थेट दुप्पट होते, आणि एक लाख वस्तूंतल्या बहुसंख्य वस्तू तर कधीच निवडल्या जात नाहीत.

याहून गंभीर प्रश्न बीजाचा होता. दर वेळी नवी मालिका मिळावी म्हणून घड्याळातली वेळ बीज म्हणून देण्याचा प्रघात पडला; टर्बो सीमध्ये तर त्यासाठी 'रँडमाइझ' नावाची सोयही होती. खेळासाठी ती पुरेशी असते, पण गुप्त किल्ली तयार करताना घातक ठरते, कारण दिवसाचे सेकंद ८६,४०० च असतात आणि तेवढी बीजे तपासून पाहणे संगणकाला क्षणाचे काम आहे. बर्कली येथील गोल्डबर्ग आणि वॅग्नर या विद्यार्थ्यांनी १९९५ साली नेटस्केप ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीची किल्ली अशाच वाटेने शोधून दाखवली. तेथील जनरेटर 'रँड' नव्हता, पण त्याचे बीज वेळ आणि प्रोसेसच्या क्रमांकांवरून ठरत होते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टमने उपकरणांच्या हालचालींतील अनिश्चिततेतून यादृच्छिक बिट गोळा करावेत आणि प्रोग्रामांना पुरवावेत, ही रीत दृढ झाली. ओपनबीएसडीने तर २०१५ च्या आवृत्तीत मानकाचा नियम बाजूला सारून 'रँड'ला बीजाकडे दुर्लक्ष करायला लावले आणि जुनी पुनरावृत्ती हवी असणाऱ्यांसाठी वेगळ्या नावाचे फंक्शन ठेवले.

सी++ भाषेने २०११ साली मर्सेन ट्विस्टरसारख्या नेमून दिलेल्या पद्धती आपल्या मानकात घेतल्या, आणि त्याच वर्षीच्या सी मानकात 'रँड'च्या दर्जाची हमी नाही व काही ठिकाणी खालचे बिट यादृच्छिक नसतात, एवढी तळटीप आली. समितीने मोकळीक दिली ती उत्तमतेसाठी आणि नमुना दिला तो एकसारखेपणासाठी. प्रत्यक्षात दोन्हींपैकी काहीच सर्वत्र मिळाले नाही, आणि एखादी साधारण दर्जाची पण नेमकी पद्धत १९८९ मध्येच सक्तीची केली असती तर निदान एकसारखेपणा तरी हाती लागला असता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मानकातही दोन्ही फंक्शने कायम आहेत आणि त्यांचे गणित आजही ठरवून दिलेले नाही.