ऊन लागलेला जंतू

मे महिन्यात यवतमाळच्या रस्त्यावर भर दुपारी माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते पांढरे दुपट्टे दिसतात. घरोघरी पन्हं आणि कूलर. उन्हाशी झुंजायचा असाच जामानिमा जंतूंपाशीही असतो. त्याचा पत्ता मात्र लागला माशीमुळे.

१९६० च्या सुमारास इटलीत फेरुच्चिओ रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं तपासत होते. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आले. रितोसांनी ते टाकून न देता निरखले. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेख साभार परत केला. १९६२ साली तो दुसरीकडे छापून आला. त्यामागची प्रथिनं हाती लागायला १९७४ उजाडलं.

अंडं उकडलं की पांढरा बलक घट्ट होतो, कारण प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. जिवंत पेशीत त्या पुन्हा घालून देणारी प्रथिनं म्हणजे चॅपरोन; उष्णतेने जागी होणारी ती प्रथिनं बरीचशी याच जातीची. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूत त्यांपैकी एकाच्या सात-सात रेणूंची दोन कडी एकमेकांवर बसून पोकळ पिंप तयार होतं.

कुष्ठरोग आणि क्षयाच्या जंतूंतल्या ज्या प्रथिनावर आपली प्रतिकारशक्ती तुटून पडते, तेही याच कुळातलं, हे १९८८ मध्ये उघड झालं. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचं आनंदवन, कुष्ठरुग्णांची वसाहत, लागतं. कुष्ठरोग या मुलखाला पुस्तकातून ठाऊक झालेला नाही. त्याचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढत नाही.

रितोसांचा लेख आला त्याच वर्षी नागपुरात शेखर मांडे जन्मले. नागपूर विद्यापीठात शिकले भौतिकशास्त्र, रमले प्रथिनांच्या रचनेत. क्षयाच्या जंतूत या पिंपवाल्या चॅपरोनची दोन जनुकं आहेत. हैदराबादेत असताना मांडे आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या एकाच्या प्रथिनाचे स्फटिक तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या रचनेत चौदा रेणूंचं पिंप नव्हतंच, नुसती जोडी होती! पिंपाशिवाय घड्या घालायच्या कशा?

पुढे मांडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक आणि २०१८ मध्ये सीएसआयआरचे महासंचालक झाले. फायलींनी त्यांना संशोधनासाठी किती वेळ ठेवला असेल कोण जाणे. दुसऱ्या जनुकाची गंमत २००५ मध्ये पिट्सबर्गला अनिल ओझा, ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाला दिसली. क्षयजंतूच्या निरुपद्रवी भावंडातून त्यांनी ते काढून टाकलं. जंतू मेला नाही, वाढतही राहिला; पण द्रवावर दुधाच्या सायीसारखा जो जाड थर धरतो, तो काही त्याला नीट धरता येईना.