काचेबाहेरची आई

नवजात अतिदक्षता विभागाचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतात. काचपेटी आली, श्वास देणारी यंत्रं आली, अपुऱ्या दिवसांची बाळं जगू लागली. हे खरंच आहे. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे शिक्षक. आम्हाला प्रश्न पडतो तो असा: बाळ पेटीत होतं तेव्हा आई कुठे होती? आणि तिथे ती कोण म्हणून होती?

सुरुवात पॅरिसपासून करू. १८८०च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञांनी तिथल्या रुग्णालयात बाळांसाठी ऊबपेट्या आणल्या. कल्पना सुचली ती अंडी उबवण्याच्या यंत्रावरून. पुढे त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी १९०० साली आपली व्याख्यानं छापली. त्यांत त्यांनी नोंदवलं की बाळापासून दूर राहिलेल्या आईची ओढ ओसरत जाते. म्हणून आईला जवळ ठेवा, अंगावर पाजू द्या, असा त्यांचा आग्रह. म्हणजे बघा, मुद्दा तेव्हाच कळला होता.

मग तो हरवला कुठे? मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी या पेट्या चक्क जत्रेत मांडल्या. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं. प्रेक्षकांकडून २५ सेंट तिकीट घ्यायचं आणि त्यातून बाळांचा खर्च चालवायचा. आईबापांकडून एक पैसा घ्यायचा नाही. रुग्णालयं ज्यांच्यावर पाणी सोडत, अशी हजारो बाळं तिथे वाचली. उपकार मोठेच. पण बाळ धडधाकट झाल्यावरही काही आईबाप ते घरी न्यायला कचरत, अशाही नोंदी आहेत. आपलंच बाळ त्यांना परकं झालं होतं.

नंतर रुग्णालयांनी हे काम हाती घेतलं आणि दार लावून घेतलं. त्यात दुष्टावा नव्हता हं. प्रतिजैविकं नव्हती, जंतुसंसर्ग पसरला की एकामागून एक बाळं दगावत. तेव्हा दार बंद करणं शहाणपणाचंच वाटलं. पुढे औषधं आली, पण नियम तसाच राहिला. अखेर अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत येऊ दिलं आणि जंतूंची तपासणी केली. धोका वाढलेला आढळला नाही. हे १९७० साली प्रसिद्ध झालं. एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इतकी वर्षं लागली!

त्याच दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटा शहरात, पेट्याच कमी पडत होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळं. तेव्हा डॉ. एदगार रे आणि त्यांचे सहकारी डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलं. हीच आजची कांगारू पद्धत. अडचणीपोटी जन्मली, म्हणून बरीच वर्षं ती ‘गरिबांचा उपाय’ समजली गेली. पुढे भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात आईला अतिदक्षता विभागातच खाट दिली आणि जन्मल्यापासून बाळ तिच्या छातीशी ठेवलं. २०२१ साली निष्कर्ष आले. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले. याचा अर्थ आईची खाट ही सोय नसून उपचार आहे.

आपल्याकडेही वाट निघाली. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दिल्लीत राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांनी आईबापांना, आजीलाही, बाळाची निगा राखायला शिकवलं. त्या अनुभवावरून २०१७ साली केंद्र सरकारने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कालपर्यंत भेटीला येणारी माणसं आता कागदोपत्री तरी सेवेची भागीदार झाली.

इथे आमचा मुद्दा येतो. ज्याच्यावर कर्तव्य टाकायचं, त्याला ते पार पाडण्याचं बळ द्यावं लागतं. २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा योजनेत आजारी नवजाताला मोफत उपचार आहेत. आईला मोफत जेवण मात्र नैसर्गिक बाळंतपणानंतर ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस, असं ठरलं. आता सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ विभागात राहतं कित्येक आठवडे. आठव्या दिवशी त्या बाळंतिणीने जेवायचं कुठे? रात्री पाठ टेकायची कुठे? बापाने रोजंदारी बुडवून किती दिवस थांबायचं? आणि बाळ गेलंच, तर त्या दोघांशी बोलायचं कुणी?

हे प्रश्न दयेच्या खात्यात टाकून चालणार नाही. आई जेवली तर दूध येईल, झोपली तर बाळाला तासन्‌तास छातीशी धरू शकेल. औषधाचा साठा जसा मोजतात, तसं आईचं ताट आणि आईची खाटही मोजावी लागेल. काचेचं दार उघडलं, चांगलं झालं. पण आत आलेल्या बाईला अजून बसायला जागा द्यायची आहे.