खानदान आणि इम्तिहान

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या गाईडांचे ढीग लागलेले असतात. सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांतल्या अभ्यासिकांत जालना, बीड, परभणी, नांदेडकडची पोरे दिवसाचे बारा-चौदा तास मान खाली घालून बसतात. आमच्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा तिकडे जायला निघाला की घरातले वडीलधारे हमखास एक वाक्य बोलतात. "आपल्याला कोण घेणार?" आमच्या लहानपणापासून हे वाक्य आम्ही ऐकत आलो. ते दंगलींनंतर आले, फाळणीनंतर आले, अशी आमची समजूत होती. इतिहास चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की हे दुखणे बरेच जुने आहे. आणि त्याच्या मुळाशी केवळ परक्यांचा दुजाभाव नाही, आपल्याच बुजुर्गांचा एक निवाडाही आहे.

ज्यांनी तो निवाडा दिला ते सर सय्यद अहमद खान स्वतः परीक्षा देऊन वर आलेले होते, ही मोठी मौजेची गोष्ट. दिल्लीच्या मोगल दरबाराशी नाते असलेले त्यांचे घराणे. वडील वारले तशी ओढाताण सुरू झाली आणि या तरुणाने कंपनी सरकारची नोकरी धरली. पुढे मुन्सफीची परीक्षा द्यायची ठरली, तेव्हा दिवाणी कोर्टांचे कायदेकानू एकत्र करून त्यांनी एक टिपणवही तयार केली. 'इन्तिखाबुल अखवैन', म्हणजे दोघा भावांनी केलेली निवड, असे तिचे नाव. तिच्यावर अभ्यास करून ते पास झाले व १८४१च्या डिसेंबरात मैनपुरीला मुन्सफ म्हणून रुजू झाले. ती वही छापली गेली आणि इतर उमेदवारांच्याही उपयोगी पडली. म्हणजे आधुनिक हिंदुस्थानात परीक्षेचे गाईड लिहिणाऱ्या अगदी पहिल्या काही माणसांत सर सय्यद येतात! अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांनी त्यांची तसबीर लावायला हरकत नाही.

मुन्सफी ही छोटी नोकरी. कलेक्टर, सेशन्स जज्ज या जागा सनदी नोकरांच्या, आणि त्या नोकऱ्या १८५३पर्यंत कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर मिळत. १८५३च्या सनदी कायद्याने ही वशिलेबाजी संपली व १८५५मध्ये लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. कागदावर दार सर्वांना उघडे होते. प्रत्यक्षात काय होते ते मेकॉलेच्या समितीने ठरवलेल्या गुणांवरून दिसते. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. कमाल वयोमर्यादा सुरुवातीला २३ होती. ती कमी करत करत १८७८ साली १९वर आणली. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला समुद्रापार पाठवायचे, तिथे खासगी शिकवणी लावायची, आणि नापास झाला तर हात हलवत परत आणायचे. एवढी पुंजी आणि एवढी छाती किती घरांत असणार? सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्यालाही ते जज्ज होते. पण ते टागोर होते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा ही परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, वयोमर्यादा वाढवावी, अशी मागणी झाली. तिथून वादाला तोंड फुटले.

१८८७च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा मुस्लिम राजकारणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन चालू होते व अध्यक्षस्थानी होते मुंबईचे बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी. त्याच आठवड्यात, २८ डिसेंबरला, लखनौला सर सय्यद भाषणाला उभे राहिले. मोहमेडन एज्युकेशनल काँग्रेसच्या निमित्ताने तिथे रईस, जमीनदार, सरकारी अंमलदार जमले होते. सर सय्यद त्या वेळी सरकारने नेमलेल्या सनदी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे सभासदही होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला दुहेरी वजन होते. हिंदुस्थानात स्पर्धा परीक्षा नको, असे त्यांनी ठासून सांगितले.

त्यांचे एक कारण आपल्याला ठाऊक असते. बंगाली हिंदू इंग्रजी शिक्षणात इतके पुढे गेले आहेत की सगळ्या जागा तेच घेतील, मुसलमान मागे राहतील. हे भय अगदीच निराधार नव्हते. पण दुसरे कारण आमच्याकडच्या शालेय पुस्तकांत येत नाही, सर सय्यदांवरच्या गौरवग्रंथांत तर नाहीच नाही. ते म्हणाले ते थोडक्यात असे: विलायतेत ड्यूकचा मुलगा आणि शिंप्याचा मुलगा दोघेही परीक्षेला बसू शकतात. तिथून पास होऊन येणारा साहेब कुठल्या घरचा, हे इथे कोणाला माहीत नसते, म्हणून चालून जाते. पण परीक्षा इथे झाली आणि हलक्या कुळातला इसम हाकीम होऊन आला, तर ज्यांना त्याचे मूळ माहीत आहे ते खानदानी लोक आपला जीव व मालमत्ता त्याच्या हाती देणे कधी पसंत करणार नाहीत.

आम्ही हे भाषण वाचले तेव्हा ग्रंथालयात बराच वेळ तसेच बसून राहिलो. आमच्या जमातीत शिंपी आहेत. पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, कसाब आहेत. महाराष्ट्रातला मुसलमान बहुतांशी हाच आहे. लखनौच्या त्या सभेत कौम हा शब्द वारंवार आला असेल. पण त्या कौमेत आम्ही नव्हतो. आम्ही होतो तो दाखल्यापुरते, ज्याच्या हाती अधिकार जाता कामा नये त्याचा दाखला म्हणून. उत्तर हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांत मुसलमान तेव्हा लोकसंख्येच्या मानाने पुष्कळच होते, आणि ते शरीफ घराण्यांतले होते. सरकारने चांगले कूळ पाहून नेमणूक करावी ही पद्धत त्यांना सोयीची. त्यांच्या सोयीला साऱ्या मुसलमानांचे हित म्हटले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

सर सय्यदांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदले पाहिजे की मुसलमान पदवीधरांना या परीक्षेसाठी मदत व्हावी म्हणून १८८३मध्ये त्यांनीच एक फंड उभारणारी संस्था काढली होती. अलीगढ तर त्यांचेच. त्यांना तालीम हवी होती, इम्तिहानही हवा होता. खानदान सोडून देणारा इम्तिहान मात्र नको होता.

तय्यबजींची वाट निराळी होती. पुढच्या वर्षी सर सय्यदांशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी काँग्रेसच्या बाहेर राहून विरोध करण्यापेक्षा आत शिरून आपले हित जपावे, अशी भूमिका घेतली. इतरांना मागे खेचून नव्हे तर स्वतः पुढे जाऊन मागासलेपण घालवायचे, हा त्यांच्या सगळ्या कामाचा रोख. तय्यबजीही गरिबाघरचे नव्हते. सुलेमानी बोहऱ्यांचे सुखवस्तू व्यापारी घराणे ते. पण व्यापाऱ्याला खानदानापेक्षा हिशेब कळतो. १८७४मध्ये ज्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली त्यांत ते होते.

या अंजुमनच्या शाळेत एक बोहरी मुलगा शिकला. पुढे तो विल्सनमध्ये गेला, १८९१ साली मुंबई विद्यापीठाचा बी.ए. झाला, इलाख्याची शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला आणि आय.सी.एस. होऊन १८९०च्या दशकात संयुक्त प्रांतात दाखल झाला. म्हणजे लखनौच्या भाषणाला दहा वर्षेही झाली नव्हती आणि मुंबईच्या शाळेतून निघालेला मुसलमान त्याच मुलखात हाकीम होता. त्याचे नाव अब्दुल्ला युसुफ अली. १९१४ला त्यांनी नोकरी सोडली. त्यांचा इंग्रजी कुराण १९३४पासून लाहोरला छापला जाऊ लागला आणि आज तो जगभर वाचला जातो. तो घरात ठेवणाऱ्यांपैकी किती जणांना अनुवादकाचा मुंबईतला जन्म माहीत असेल? १९५३च्या डिसेंबरात लंडनमध्ये या माणसाचा अगदी बेवारशासारखा अंत झाला. तो विषय वेगळा आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

परीक्षा हिंदुस्थानात आली ती १९२२ साली, अलाहाबादला. मागणी झाल्यापासून सदतीस वर्षे गेली होती. १९३४च्या जुलैत सरकारने ठराव करून थेट भरतीच्या २५ टक्के जागा मुसलमानांना ठेवल्या. त्या आधी, १९३२ला, तय्यबजींचे नातू बदरुद्दीन फैज तय्यबजी आय.सी.एस. झाले होते. ते फाळणीनंतर इथेच राहिले, परराष्ट्र सेवेत राजदूत झाले, आणि १९६२ ते १९६५ या काळात कुलगुरू होते ते अलीगढ विद्यापीठाचे! मद्रासच्या अध्यक्षांचा नातू सर सय्यदांच्या गादीवर बसला. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.

१९४७ला मात्र बहुसंख्य मुसलमान सनदी अधिकाऱ्यांनी पाकिस्तान पत्करले. राखीव जागा गेल्या, ओळखीचे साहेब गेले, मागे उरला तो शिंपी, पिंजारी, रिक्षावाला. त्याच्या घरात 'आपल्याला कोण घेणार' हे वाक्य आले ते असे. शरीफांनी परीक्षेला नाकारले होते. याने परीक्षा आपल्याला नाकारील असे गृहीत धरले. परिणाम एकच झाला.

१९७९पासून मुख्य परीक्षेची उत्तरे मराठी, उर्दू अशा भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली. पण ही बातमी आमच्या मोहल्ल्यांपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली! नोव्हेंबर २००६मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमध्ये ३ टक्के, पोलीस सेवेत ४ आणि परराष्ट्र सेवेत १.८ टक्के निघाले. हे आकडे सभासंमेलनांतून इतके ऐकवले गेले की पाठ झाले. अहवालातली दुसरी गोष्ट मात्र कोणी फारशी सांगितली नाही. मुख्य परीक्षेला बसणाऱ्यांतच मुसलमान पाच टक्क्यांच्या आसपास होते. आणि जे बसले त्यांच्या यशाचे प्रमाण इतरांइतकेच होते. घेत नाहीत यापेक्षा बसत नाहीत हे दुखणे मोठे. दुजाभाव नाही असे आम्ही म्हणत नाही. तो घर भाड्याने मागताना भेटतो, चौकीत भेटतो. पण उत्तरपत्रिकेवर नाव नसते.

मग हालचाल सुरू झाली. २००९ला मुंबईच्या हज हाऊसमध्ये या परीक्षेचे वर्ग निघाले, २०१०ला दिल्लीत जामियाची निवासी अकादमी आली, जकातीच्या पैशातून मुलांना शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. मुले दिसू लागली तसा २०२०मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने याला 'जिहाद' ठरवणारी मालिका सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात तिचे पुढचे भाग थांबवले. त्या वर्षी लागलेल्या निकालात ८२९ जणांत मुसलमान होते चाळीस-बेचाळीस. एवढ्यानेही कोणाच्या डोळ्यांत खुपावे? पण बसलो नाही म्हणून मागास आणि बसलो म्हणून कावेबाज, हा अनुभव आता आम्हाला नवा राहिलेला नाही.

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख २०१५च्या परीक्षेत ३६१वा आला. वय २१. वडील रिक्षा चालवणारे. पुण्यात अभ्यासासाठी खोली मिळेना म्हणून आपण 'शुभम' हे नाव सांगितले, असे त्यानेच वार्ताहरांना सांगितले. २०२४च्या परीक्षेत यवतमाळची अदिबा अनम १४२वी आली. तीही रिक्षाचालकाची मुलगी. महाराष्ट्रातून आयएएसपर्यंत पोहोचलेली पहिली मुस्लिम मुलगी अशी वृत्तपत्रांनी तिची नोंद केली. लखनौच्या सभेतल्या रईसांना ज्याची धास्ती होती ते घडायला सव्वाशेच्या वर वर्षे लागली.

आमच्या जमातीने मदरशाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली आहे. पुस्तकांसाठी जकातीचा पैसा वापरावा की नाही यावर दोन जुम्मे वाद झाला. गरीब विद्यार्थी हा मिस्कीनच, असे मौलवीसाहेबांनी सांगितल्यावर तो मिटला. वादात सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे एक टेलरिंगवाले चाचा होते. त्यांची नात बारावीला आहे. मुलींना मगरिबनंतर तिथे बसू द्यायचे की नाही, हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्या बैठकीची तारीख अजून निघालेली नाही, आणि चाचा दर शुक्रवारी ती विचारतात.